तोळा, गुंठा, पायली, टीएमसी: बेळगाव भागात मापांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडिलांचं रविवार पेठेत भुसारी दुकान होतं. मी तिथं पुड्या बांधत वाढले. आता दुकान राहिलं नाही, पण माणसं अजून विचारायला येतात. कुणाला आजीचं सोनं मोडायचं असतं, कुणाचं शेत वाटणीला आलेलं असतं, कुणाला जुन्या चोपडीतलं 'दोन मण सहा शेर' आज किती होतं ते हवं असतं. आपल्या भागात हा घोळ जास्तच. एकाच घराची थोडी जमीन कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, थोडी महाराष्ट्रातल्या चंदगडात. बाजारात अर्धं बोलणं मराठीत, अर्धं कन्नडात. आणि खुद्द शहरात बेळगाव इंग्रजांच्या मुलखात तर शेजारचं शहापूर सांगली संस्थानात, असं १९४८ पर्यंत चाललेलं. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथं लिहून ठेवते.

सराफ 'एक तोळा' म्हणतो तेव्हा १० ग्रॅम धरायचे की ११.६६?

आज भाव विचारलात तर १० ग्रॅम. गणपत गल्लीत विचारा नाहीतर शहापुरात, 'तोळ्याचा भाव' म्हणून जो आकडा सांगतात तो १० ग्रॅमचाच असतो आणि पावती ग्रॅममध्ये होते.

जुना खरा तोळा मात्र ११.६६ ग्रॅमचा. इंग्रजांनी १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरवला आणि चांदीचा रुपयाही त्याच वजनाचा पाडला. म्हणून जुन्या घरांत वजन नसलं तरी अडत नसे. कलदार रुपया पारड्यात टाकला की एक तोळा झाला.

अडचण येते ती जुनं सोनं मोडताना. आजीच्या चिठ्ठीत 'पाटल्या ५ तोळे' असं लिहिलेलं असेल आणि ती चिठ्ठी १९५०च्या आसपासची असेल, तर ते ५८.३ ग्रॅम होतात, ५० नव्हे. सव्वाआठ ग्रॅमचा फरक कुणाच्याही घरात मोठाच. माझ्या एका नात्यातल्या बाईंनी चिठ्ठी वाचून ५० ग्रॅम धरले आणि सराफानं ५६ ग्रॅम सांगितल्यावर 'जास्तच भरलं' म्हणून समाधानानं घरी आल्या. वजन खरं तर दोन ग्रॅमनं घटलेलं होतं. पाटल्या पन्नास वर्षं हातात वागवल्यावर झिजतात, त्यामुळे तेवढी घट समजण्यासारखी आहे. पण 'जास्त' भरलेलं नव्हतं.

आणखी एक. ठुशी, बोरमाळ अशा दागिन्यांच्या पोकळ मण्यांत लाख भरलेली असते. त्यांचं वजन म्हणजे सगळं सोनं नव्हे. मोडताना लाख काढून, सोनं आटवून मगच वजन समजतं, तेव्हा समोर उभं राहून बघा. आटवलेल्या सोन्याचा कस वेगळा मोजतात. २२ कॅरेट म्हणजे २४ भागांत २२ भाग सोनं, म्हणजेच ९१.६ टक्के, म्हणून दागिन्यावर ९१६ असा आकडा असतो. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं हॉलमार्क सक्तीचा झाला. नव्या दागिन्यावर सहा अक्षरी-आकडी ओळखक्रमांकही असतो. आजीच्या पाटल्यांवर तो नसणारच, त्यात काही वावगं नाही.

गुंज, मासा म्हणजे नेमकं किती?

८ गुंजा म्हणजे १ मासा, १२ मासे म्हणजे १ तोळा. म्हणजे एका तोळ्यात ९६ गुंजा, आणि एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम. 'तोळामासा प्रकृती' हा शब्द यातलाच: घडीत तोळा, घडीत मासा, म्हणजे जरा काही झालं की बिघडणारी.

खरी गुंज म्हणजे तांबडी, काळ्या टोपीची बी. दिसायला इतकी गोड की मुलं खेळायला घेतात. ती विषारी आहे. आख्खी गिळली तर कवच टणक असल्यानं बऱ्याचदा तशीच बाहेर पडते, पण चावली किंवा फुटली तर जिवावर बेतू शकतं. कुणाकडे सोनाराच्या जुन्या डबीत गुंजा असतील तर त्या मुलांच्या हाती लागू देऊ नका.

उताऱ्यावर 'क्षेत्र १.२०' लिहिलंय. म्हणजे सव्वा एकराला थोडं कमी ना?

नाही. दीड एकर. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय आणि सगळ्यात जास्त नुकसान यातच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कर्नाटकातल्या आर.टी.सी. उताऱ्यावर, म्हणजे तिथल्या सातबाऱ्यावर, क्षेत्र एकर, मग गुंठे, मग आणे अशा क्रमानं येतं. मधला ठिपका दशांशाचा नाही, तो फक्त दोन रकाने वेगळे करतो. १.२० म्हणजे १ एकर २० गुंठे. एकरात ४० गुंठे, म्हणून २० गुंठे म्हणजे अर्धा एकर. तसंच २.१८.०८ म्हणजे २ एकर १८ गुंठे ८ आणे, म्हणजे साडेअठरा गुंठे, कारण गुंठ्याचे १६ आणे.

आता कुणी कॅल्क्युलेटर घेऊन १.२० गुणिले एकरी भाव असं केलं, तर हिशेब ४८ गुंठ्यांचा होतो. जमीन असते ६० गुंठे. १२ गुंठे, म्हणजे १३,०६८ चौरस फूट, हवेत जातात. आमच्या ओळखीत एका वाटणीत हेच झालं. थोरल्या भावानं मोबाईलवर गुणाकार केला, धाकट्यानं मान डोलावली, आणि दोघांच्याही मनात काही काळंबेरं नव्हतं. महिनाभरानं धाकट्याच्या मुलीनं, ती आठवीत होती, उतारा हातात घेऊन विचारलं, "काका, गुंठ्याच्या जागी एकोणचाळीसच्या वर आकडा कुठंच कसा नाही?" तिच्या त्या एका प्रश्नावर सगळी वाटणी पुन्हा मांडली. ती खूण तुम्हीही लक्षात ठेवा. ठिपक्यानंतरचा आकडा ३९ च्या पुढं कधीच जात नसेल तर तो दशांश नाही.

चंदगडच्या सातबाऱ्यावर तर हेक्टर-आर आहे. आर म्हणजेच गुंठा का?

जवळजवळ. पूर्ण नाही. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. बोलताना दोन्ही एकच धरतात आणि एक-दोन गुंठ्यांत ते खपूनही जातं. ६० गुंठ्यांना ६० आर धरलं तर मात्र ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट जागा कागदावरून कमी होते. त्यावर एक छोटं घर बसतं.

सातबाऱ्यावर ०.६०.७० असं दिसलं तर ते ० हेक्टर ६० आर ७० चौरस मीटर. १०० आर म्हणजे १ हेक्टर, आणि १ हेक्टर म्हणजे २.४७ एकर, म्हणजे अडीच एकराला एक गुंठा आणि वर थोडं कमी. सीमेच्या दोन्ही बाजूंना शेत असेल तर दोन्ही क्षेत्रं आधी चौरस मीटरमध्ये आणा, मग बेरीज करा. माझी बहीण चंदगडकडे दिलेली आहे, तिच्या घरी आम्ही असंच करतो.

गुंठा ३३ फुटांचाच का? ३०चा का नाही?

साखळीमुळं. मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी ३३ फुटांच्या साखळीनं व्हायची आणि त्या साखळीचे १६ भाग म्हणजे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तुकडा म्हणजे १ गुंठा: ३३ गुणिले ३३, १,०८९ चौरस फूट. असे ४० तुकडे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, बरोबर एक एकर. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, म्हणून ती पद्धत इकडं पक्की रुजली. ३० बाय ४० ची साइट घेतलीत तर ती १,२०० चौरस फूट, म्हणजे एक गुंठा आणि वर दीड-पावणेदोन आणे.

पायलीत किती किलो?

याचं एकच उत्तर देता येत नाही, आणि जो एकच उत्तर देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पायली हे भरायचं माप आहे, वजनाचं नाही. तीच पायली तांदळाला एक वजन देईल, जोंधळ्याला दुसरं आणि पोह्यांना तर निम्म्याहूनही कमी.

शाळेतलं जुनं कोष्टक असं: २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेर म्हणजे १ पायली, १६ पायल्या म्हणजे १ मण, २० मण म्हणजे १ खंडी. काही गावांत मणाला १२ पायल्याही धरत.

मी लहान असताना शनिवारच्या बाजारात खेड्यावरून तांदूळ घेऊन येणाऱ्या बायका मापानंच विकायच्या. त्यांचं मोजणं मला अजून ऐकू येतं. पहिलं माप ओतताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. "लाभ... दोन... तीन..." शेजारी कन्नड बोलणारी बाईही "लाभ... एरडु... मूरु" म्हणायची. हात मापावर, डोळे गिऱ्हाइकाच्या पिशवीवर. आणि घेणारी हटकून म्हणायची, "मावशी, शीग लाव की गे, सपाट काय घालूलीस?"

शीग म्हणजे मापाच्या काठावर उभा राहणारा दाण्यांचा ढीग. सपाट माप आणि शिगेचं माप यात किती फरक पडतो ते मी घरच्या पायलीवर तोलून पाहिलंय. कोलम तांदूळ, हातानं सपाट केलेला: ३ किलो ७५०. शीग लावून: ४ किलो १००. सगळा झगडा या साडेतीनशे ग्रॅमसाठी असायचा. 'उत्सुकता शिगेला पोहोचली' असं आपण रोज लिहितो-बोलतो, तेव्हा डोळ्यांपुढं तो ढीग आणावा. आणखी एक दाणा टाकला तर घसरेल, इतकं भरलेलं माप.

मग चोपडीतला 'मण' किती किलोंचा?

आधी बघा की माल मापून दिला की तोलून. मापी मण आणि वजनी मण दोन वेगळे. आमच्या पायलीनं १६ पायल्या तांदूळ भरले तर ६० किलो होतात.

वजनी मणातही जात असते. सरकारी मण ४० शेरांचा, शेर ८० तोळ्यांचा म्हणजे ९३३ ग्रॅम, म्हणून मण ३७.३२ किलोचा. मुंबईचा व्यापारी मण मात्र २८ रत्तलांचा (रत्तल म्हणजे पौंड), १२.७ किलोचा. मद्रासकडचा २५ रत्तलांचा, ११.३४ किलोचा. बेळगावला माल तिन्ही दिशांनी यायचा. त्यामुळे जुन्या चोपडीत नुसता 'मण' दिसला तर त्याच पानावरचा दर आणि रक्कम बघून उलटा हिशेब करा, मण कुठला ते निघतं. वडिलांनी मला हे बारा वर्षांची असताना शिकवलं.

पावशेर म्हणजे पाव किलो ना?

बाजारात आज तसंच चालतं, कुणी पावशेर मिरची मागितली तर २५० ग्रॅमच मिळते. खरा पावशेर २३३ ग्रॅमचा. त्याच्या निम्मं नवटाक किंवा अदपाव, त्याच्याही निम्मं छटाक, म्हणजे ५ तोळे, ५८ ग्रॅम. अच्छेर म्हणजे अर्धा शेर.

मेट्रिक वजनं १९५६च्या कायद्यानं आली, १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं वापरात आली आणि १ एप्रिल १९६२ पासून सक्तीची झाली. शेर गेला, पण 'पावशेर' तोंडातून गेला नाही. शेरास सव्वाशेरही गेला नाही.

'पावणेदोन' म्हटलं की कन्नड बोलणारा दुकानदार गोंधळतो. का?

कारण दोन्ही भाषा उलट्या बाजूनं मोजतात. मराठीत १.७५ म्हणजे पावणेदोन: दोनाला पाव कमी. कन्नडात तेच 'ओंदू मुक्कालु': एक आणि वर पाऊण. आपण पुढच्या आकड्याकडून मागं येतो, ते मागच्याकडून पुढं जातात. त्यामुळे नवख्याला 'पावणेदोन' ऐकून दोनाच्या वर काहीतरी वाटतं. मला स्वतःला लहानपणी 'मुक्कालु' म्हणजे एक चतुर्थांश वाटायचं.

शब्द इतकेच: पाव म्हणजे कालु, अर्धा म्हणजे अर्ध, पाऊण म्हणजे मुक्कालु. दीडला 'ओंदूवरे', अडीचला 'एरडूवरे', म्हणजे सरळ एक-आणि-अर्धा, दोन-आणि-अर्धा. मराठीत दीड आणि अडीच हे स्वतंत्र शब्द, आणि साडे सुरू होतं ते तिनापासून. कन्नड घरातून मराठी शाळेत आलेली मुलं 'साडेएक', 'साडेदोन' म्हणतात तेव्हा त्यांना हसू नये, त्यांचा हिशेब अगदी बरोबर असतो.

'पासंगालाही पुरणार नाही' यातला पासंग म्हणजे काय?

तराजूची दोन पारडी रिकामी असताना सारखी उभी राहत नाहीत, तेव्हा हलक्या बाजूला बांधतात तो लहानसा खडा किंवा चिंधी. त्याच्याइतकंही वजन नाही, असा अर्थ. तेल-तूप भांड्यात घेताना आधी रिकाम्या भांड्याचं वजन दुसऱ्या पारड्यात दगड टाकून साधायचं, त्याला 'धडा करणं' म्हणतात. आजच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्यासाठी एक बटण असतं. डबा ठेवल्यावर ते दाबून शून्य आलेलं बघा, मग ओतू द्या.

तांदळाची पिशवी २५ ऐवजी २६ किलोची का येते?

१८ जुलै २०२२ पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के जीएसटी लागला, तो २५ किलोपर्यंतच्या पिशवीला. २६ किलोची पिशवी त्यातून सुटते. भाव तोलून बघायचा तर किलोचा दर काढा, पिशवीचा नको.

एक लिटर तेल एक किलो भरत नाही. फसवलं का?

नाही. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं, १ लिटरला साधारण ९१० ग्रॅम. तेल तापलं की फुगतं, म्हणून तेच वजन उन्हाळ्यात थोडी जास्त जागा घेतं. पिशवीवर लिटर आणि ग्रॅम दोन्ही लिहिलेले असतात. दोन कंपन्यांचं तेल घेताना ग्रॅम ताडून बघा, लिटर नव्हे. दूध उलट, पाण्याहून थोडं जड: १ लिटर म्हणजे साधारण १.०३ किलो.

उसाचा दर क्विंटलला सांगतात आणि आपण टनाला बोलतो. नीट हिशेब काय?

१० क्विंटल म्हणजे १ टन, १,००० किलो. २०२५-२६ हंगामाची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०, आणि ती १०.२५ टक्के उताऱ्यासाठी. इथला 'उतारा' जमिनीचा नव्हे: १०० किलो उसातून किती किलो साखर निघाली तो. १०.२५ टक्के म्हणजे टनाला १०२.५ किलो साखर. उतारा वाढला की दर वाढतो. तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते, म्हणून हातात येणारा आकडा वेगळा.

खरी काळजी काट्याची. एका हंगामात आमच्या बहिणीच्या एकाच ट्रॉलीचं वजन दोन काट्यांवर दोन क्विंटलनं वेगळं आलं. ऊस वाळून दोन तासांत दोन क्विंटल उतरत नाही. भुईकाट्यावर गाडी घेण्याआधी पडद्यावर शून्य आहे का बघा, चारी चाकं काट्यावर आहेत का बघा, भरल्या आणि रिकाम्या दोन्ही वजनांची छापील पावती घ्या. वर्षभर घाम गाळून वाढवलेला ऊस असतो, तिथं विचारायला लाजू नये.

काटा खरा आहे हे गिऱ्हाइकानं कसं ओळखायचं?

वजनमाप खात्याचा शिक्का बघा. इलेक्ट्रॉनिक काटा आणि भुईकाटा दरवर्षी तपासून घ्यावा लागतो, लोखंडी वजनं आणि साधा तराजू दोन वर्षांनी. लोखंडी वजन उलटं केलंत तर खाली खळग्यात शिसं भरलेलं दिसेल, शिक्का त्यावर असतो. शिसं गायब असेल तर वजन हलकं आहे असं समजा. पेट्रोल पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप ठेवावंच लागतं आणि मागितल्यावर त्यात ओतून दाखवावं लागतं. ५ लिटरला २५ मिलीपर्यंत फरक चालतो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

टीएमसी आणि क्युसेक यात फरक काय? पुराच्या दिवसांत काहीच कळत नाही.

टीएमसी म्हणजे साठा, क्युसेक म्हणजे धार. १ टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी, साधारण २,८३२ कोटी लिटर. हिडकल धरण ५१ टीएमसीचं, कोयना १०५.२५ टीएमसीचं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर. म्हणजे १ क्युसेकची धार घागरीखाली धरली तर ती डोळ्याचं पातं लवायच्या आत भरेल.

दोन्ही जोडणारा एक आकडा भिंतीवर लिहून ठेवा: ११,५७४ क्युसेक चोवीस तास चाललं की १ टीएमसी होतं. म्हणजे १ लाख क्युसेकचा विसर्ग असेल तर दिवसाला साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी उतरतंय. २०१९च्या ऑगस्टमध्ये चिकोडी, रायबाग, अथणीकडे कृष्णाकाठची माणसं रात्र-रात्र हे आकडे ऐकत बसली होती. वरून किती सोडलं आणि खाली अलमट्टीतून किती सोडलं, या दोन क्युसेकांतला फरक म्हणजे आपल्या दारात साठणारं पाणी. हे कळलं की जनावरं कधी हलवायची ते ठरवता येतं.

'काल दोन इंच पाऊस झाला' म्हणजे किती पाणी?

१ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर. एका गुंठ्यावर एक इंच पाऊस म्हणजे साधारण २,५७० लिटर. एकरावर एक लाख लिटरच्या वर. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीकडच्या धो-धो पावसाचा हिशेब यावरून करून बघा.

नऊवारी म्हणजे किती मीटर?

वार म्हणजे यार्ड, ३ फूट, दोन हात. ९ वार म्हणजे ८.२३ मीटर. वडगावच्या मागावरची पाचवारी-सहावारी म्हणतात ती साधारण साडेपाच मीटर, ब्लाउजपीस वेगळा. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, १८ इंच धरतात. वीत त्याच्या निम्मी. आपला हात १८ इंच भरतो का ते एकदा टेपनं बघून ठेवा, कापड घेताना उपयोगी पडतं.

वाळूचा ब्रास आणि फरशीचा ब्रास एकच का?

नाही. वाळू-खडीचा ब्रास १०० घनफूट, फरशी-गिलाव्याचा १०० चौरस फूट. वाळूची गाडी आली की आत उतरून लांबी, रुंदी आणि उंची मोजा. वरचा ढीग दिसतो, कोपरे रिकामे असतात.

पाच एचपीचा पंप ताशी किती युनिट खातो?

१ एचपी ७४६ वॅट. पाचाचे ३.७ किलोवॅट, म्हणजे तासाला निदान पावणेचार युनिट. मोटरमध्ये वाया जाणारी वीज धरून चार-साडेचार धरा. ९ वॅटचा दिवा तेवढ्याच विजेत चारशेहून जास्त तास जळतो.

चार आणे, आठ आणे अजून चालतात का?

चार आण्याचं, म्हणजे २५ पैशांचं नाणं आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद. आठ आण्याचं, ५० पैशांचं नाणं आजही कायद्यानं चालू आहे, दुकानदार घेत नसला तरी. रुपयाचे १६ आणे १९५७च्या १ एप्रिलला गेले आणि १०० नवे पैसे आले. 'सोळा आणे खरं' म्हणजे पुऱ्या रुपयाइतकं खरं.

'घटका भरली' म्हणतात ती घटका कशात भरायची?

पाण्यात. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्याच्या घंगाळात सोडायची. भोकातून पाणी आत चढत चढत ती भरून बुडाली की एक घटका, २४ मिनिटं. अडीच घटका म्हणजे एक तास, ६० घटका म्हणजे एक दिवस-रात्र. लग्नाचा मुहूर्त साधायला भटजी हीच वाटी वापरत. आमच्या घरच्या एका जुन्या लग्नात ती मी पाहिलीय. सगळे मंगलाष्टकांत, आणि एक म्हातारे काका मात्र नजर न हलवता त्या वाटीकडे बघत बसलेले.

किलो कुणी ठरवला?

२०१९ पर्यंत पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक नळकांडा म्हणजेच किलो. त्याची भारताची प्रत, क्रमांक ५७, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून किलो निसर्गातल्या एका स्थिरांकावरून, प्लांकच्या स्थिरांकावरून ठरतो. आपल्या दुकानातल्या किलोत त्यानं काही फरक पडला नाही.

घरातली जुनी पायली, शेर, चिपटी मोडीत घालू का?

विकायला वापरू नका, ते कायद्यात बसत नाही. पण मोडीत घालायच्या आधी एकदा पाणी भरून मोजा आणि आकडा मापावरच खिळ्यानं कोरून ठेवा. घरच्या जुन्या चोपड्यांतले हिशेब पुढं कधी लावायचे झाले तर तोच एक धागा हाती राहतो. गावागावाचं माप वेगळं होतं, दुसऱ्याच्या पायलीनं तुमची चोपडी वाचता येणार नाही.

आमच्या पायलीत काठोकाठ ४ लिटर ६०० मिली पाणी बसलं. त्या हिशेबानं चिपट्यात २८७ मिली यायला हवं. ओतून पाहिलं तर २९० आलं. ते चिपटं आमच्या तांदळाच्या डब्यातच असतं. चार माणसं जेवायला असली तर दीड चिपटं, शीग न लावता.